फॉरवर्ड, शेअर, रीपोस्ट: दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे कसं पाठवावं

सोशल मीडियावर नव्याने आलेला माणूस सहसा लगेच लिहायला लागत नाही. तो आधी वाचतो, बघतो, आणि जे आवडलं, पटलं किंवा ज्याने धक्का बसला ते पुढे पाठवतो. म्हणजे तिथे त्याच्या नावाने जे पहिल्यांदा दिसतं, ते बहुतेक वेळा दुसऱ्याचंच लिहिलेलं असतं. लिहायचं कसं हे सांगणारे खूप भेटतात. पाठवायचं कसं हे कुणी शिकवत नाही. बटण समोर असतं, बोट जातं, मेसेज निघून जातो.

हा लेख त्या पहिल्या काही आठवड्यांसाठी आहे. खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट आहे: मजकूर पुढे जाताना त्याचं मूळ सोबत गेलं पाहिजे. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, पहिल्यांदा कुठे आलं. ही माहिती वाटेत गळली की चांगला मजकूर वापरता येत नाही आणि खोटा मजकूर पकडता येत नाही.

पायरी १: कोणतं बटण काय करतं ते ओळखा

पाठवण्याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकात मूळ किती टिकतं हे वेगळं आहे.

रीपोस्टमध्ये दुसऱ्याची पोस्ट जशीच्या तशी, त्याच्या नावासकट तुमच्या फॉलोअर्सना दिसते. तुमचं नाव फक्त वर बारीक अक्षरात, 'यांनी रीपोस्ट केलं' एवढंच. मूळ लेखकाने पोस्ट काढून टाकली तर तुमच्याकडूनही ती जाते. एक्स, ब्लूस्काय, थ्रेड्स, लिंक्डइन, टिकटॉक या सगळीकडे हे बटण या ना त्या रूपात आहे. मॅस्टोडॉनवर त्याला बूस्ट म्हणतात, टम्बलरवर रीब्लॉग; टम्बलरवर मात्र मूळ पोस्ट काढली तरी रीब्लॉग राहतो.

कोटमध्ये मूळ पोस्ट चौकटीत राहते आणि वर तुम्ही तुमचं म्हणणं लिहिता. फेसबुकवर शेअर करताना वर दोन ओळी लिहिल्या तर तेही जवळजवळ हेच.

फॉरवर्ड हा चॅटमधला प्रकार. इथे ॲपनुसार मोठा फरक पडतो. टेलिग्रामवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तो मुळात कुठून आला ते सहसा दिसतं, लपवायची सोय असली तरी. व्हॉट्सॲपवर मात्र मूळ पाठवणाऱ्याचं नाव पुढे जात नाही. 'फॉरवर्डेड' एवढी खूण राहते आणि बाकी सगळं पुसलं जातं.

कॉपी-पेस्ट आणि स्क्रीनशॉट या दोन्हींत मूळ टिकवणारी काहीही सोय नसते. कॉपी-पेस्ट केलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' ही खूणसुद्धा येत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला तो तुम्हीच लिहिलाय असं वाटतं. नवीन माणसाला ही गोष्ट माहीत नसते आणि त्यातून बरेच गैरसमज होतात.

ट्विटर, म्हणजे आजचं एक्स, २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा रीट्वीटचं, म्हणजे आजच्या रीपोस्टचं, बटण नव्हतं. लोकांनीच रीत काढली होती: दुसऱ्याचं वाक्य उतरवायचं, आधी 'आरटी' लिहायचं आणि त्याचं नाव जोडायचं. नाव लिहिणं हाच त्या रीतीचा गाभा होता. २००९ मध्ये कंपनीने बटण दिलं आणि उतरवून घेण्याचे कष्ट संपले. त्या कष्टासोबत दोन क्षणांचा विचारही संपला. ते बटण तयार करण्यात पुढे असलेले क्रिस वेदरेल यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली होती. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण बटण आता जाणार नाही. ते गेलेले दोन क्षण आपणच परत आणायचे, एवढंच हातात आहे.

पायरी २: कुणाला दिसणार आहे ते बघा

पाठवण्याआधी मेसेज कुणाकुणापर्यंत जाईल ते पाहून घ्या. फेसबुकवर प्रत्येक पोस्टवर तारखेशेजारी छोटं चिन्ह असतं: पृथ्वीगोल म्हणजे सर्वांसाठी, दोन माणसं म्हणजे फक्त फ्रेंड्ससाठी. एखाद्याने फक्त फ्रेंड्ससाठी टाकलेली पोस्ट तुम्ही शेअरचं बटण वापरून पुढे पाठवली तरी त्याने ज्यांना दाखवायची ठरवलं होतं त्यांच्या पलीकडे ती जात नाही. एक्सवर खासगी केलेल्या अकाउंटची पोस्ट रीपोस्टच करता येत नाही.

म्हणजे ॲपने एक कुंपण घातलेलं असतं आणि स्क्रीनशॉट ते ओलांडतो. आपल्या माणसांसाठी लिहिलेली गोष्ट, आजारपणाची, नोकरी गेल्याची, घरातल्या भांडणाची, स्क्रीनशॉट होऊन तीनशे जणांच्या ग्रुपमध्ये पोचते. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, 'बघा बिचाऱ्याचं काय झालंय.' पण सांगायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याचं दुःख त्याचाच. बंद ग्रुपमधलं किंवा खासगी अकाउंटवरचं काही बाहेर न्यायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारा. एक ओळ पुरते: 'हे मी अमुक ग्रुपवर पाठवू का?' उत्तर आलं नाही तर नाही समजा.

पायरी ३: उघडा आणि शेवटपर्यंत वाचा

हे सांगायला लागू नये, पण लागतं. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवर फिरणाऱ्या बातम्यांच्या लिंक तपासल्या. त्यातल्या ५९ टक्के लिंक एकदाही कुणी उघडलेल्या नव्हत्या. नुसत्या मथळ्यावर त्या पुढे जात होत्या. २०२० मध्ये ट्विटरने एक छोटा बदल करून पाहिला: लेख न उघडता रीट्वीट करायला गेलात तर 'आधी वाचणार का?' असा प्रश्न यायचा. कंपनीच्या आकडेवारीनुसार तो प्रश्न दिसल्यावर लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. कुणी अडवलं नव्हतं, फक्त विचारलं होतं.

हाच प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. उघडल्यावर तीन ठिकाणी नजर टाका: लेखाची तारीख, लिहिणाऱ्याचं नाव, आणि मथळ्यात जे म्हटलंय ते आत खरंच आहे का. तारीख सर्वात आधी बघा. सहा वर्षांपूर्वीची बातमी आज कुणीतरी शेअर केली की ती आजची होऊन फिरते आणि त्यात खोटं तर काहीच नसतं, म्हणून ती पकडायलाही कठीण जाते. व्हिडिओ असेल तर तो पूर्ण बघा. बारा सेकंदांच्या तुकड्यात माणूस जे बोलतो त्याचा अर्थ आधीच्या आणि नंतरच्या मिनिटात पालटलेला असू शकतो.

पायरी ४: मूळ शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी मेसेजवरच्या खुणा वाचायला शिका. व्हॉट्सॲपवर एका बाणाचं 'फॉरवर्डेड' म्हणजे समोरच्याने हे स्वतः लिहिलेलं नाही. दोन बाण दिसले तर तो मेसेज मुळापासून निदान पाच हात फिरून आलाय. अशा दोन बाणांच्या मेसेजला एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवायची मर्यादा एप्रिल २०२० मध्ये आली आणि त्यानंतर अशा मेसेजेसचं फॉरवर्डिंग सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं असं कंपनीने सांगितलं होतं. दोन बाण म्हणजे खोटं, असं मात्र समजू नका. त्याचा अर्थ एवढाच की ज्याने तुम्हाला पाठवलं त्यालाही हे कुणी लिहिलं ते माहीत नाही. 'माझ्या मावसभावाने पाठवलंय, तो खोटं पाठवणार नाही' या वाक्याला इथे काही आधार उरत नाही. मावसभाऊ खरा आहे, पण त्याच्याकडेही ते कुठून तरी आलेलंच आहे.

मग मेसेजच्या बाहेर पडा. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य तपासनीस अशा ४५ जणांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. शिकलेसवरलेले अभ्यासकही त्याच पानावर वरखाली फिरत राहिले, लोगो कसा आहे, भाषा किती नीट आहे ते बघत बसले आणि फसले. तपासनीसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं, नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. वेळ कमी लागला आणि निष्कर्षही बरोबर आला. आपल्यालाही तेच करायचंय: मेसेज दहा वेळा वाचत बसायचं नाही, त्यातलं एखादं ठळक वाक्य किंवा दावा शोधयंत्रात टाकायचा. इतकी मोठी गोष्ट घडली असेल तर ती कुठल्याच बातमीत नाही असं होत नाही.

फोटोसाठी उलटा शोध घ्या, म्हणजे फोटोच देऊन तो आधी कुठे आलाय ते शोधा. फोटो सेव्ह करून गूगल लेन्समध्ये उघडा किंवा टिनआय या संकेतस्थळावर टाका. टिनआयमध्ये निकाल सर्वात जुन्यापासून लावता येतात, ती सोय फार कामाची आहे. कालच्या घटनेचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला की विषय संपला. व्हिडिओ असेल तर त्यातली एखादी स्पष्ट चौकट थांबवून तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा.

एक उदाहरण जवळून बघू. पुराच्या पाण्यात बुडालेल्या रस्त्यावर, गाडीच्या खिडकीबाहेर, एक शार्क पोहतोय असा फोटो आहे. २०११ च्या आयरीन चक्रीवादळाच्या वेळी तो फिरला. २०१७ मध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा दुसऱ्या शहराचं नाव लावून पुन्हा फिरला आणि मधल्या-पुढच्या वादळांतही. शार्क खरा आहे, पण तो समुद्रात एका कयाकच्या (छोट्या होडीच्या) मागे जातानाच्या गाजलेल्या फोटोतून कापून इथे चिकटवलेला. उलट्या शोधात हे काही मिनिटांत कळतं. गोष्ट इथे संपली असती तर सोपं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सच्या एका अंगणात साचलेल्या पाण्यात शार्कसारखा मोठा मासा वळवळतोय असा व्हिडिओ आला. अनेकांनी 'झाली सुरू तीच थाप' म्हणून तो उडवून लावला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने चित्रीकरण करणाऱ्याला गाठलं, मूळ फाइल मागितली, तिच्यातली तारीख-वेळेची नोंद पाहिली. व्हिडिओ खरा निघाला. आधीच्या दहा फसवणुकींवरून अकराव्याबद्दल निकाल देता येत नाही. मूळ फाइलपर्यंत कुणीतरी जावंच लागतं.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. २२ मे २०२३ ला पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचा एक बनावट फोटो निळी खूण असलेल्या अकाउंटवरूनही शेअर झाला. स्थानिक अग्निशमन विभागाने असं काहीही झालेलं नाही असं सांगेपर्यंत अमेरिकेचा शेअर बाजारही थोडा वेळ खाली आला होता. अशा चित्रांना जुनं मूळ नसतं, म्हणून उलटा शोध कधी कधी काहीच देत नाही. तेव्हा चित्रातली बोटं मोजत बसण्यात अर्थ नाही, ही साधनं रोज सुधारतायत. त्यापेक्षा हे विचारा: हा प्रसंग दुसऱ्या कोनातून कुणी टिपलाय का? भर वस्तीत स्फोट झाला आणि जगात त्याचा एकच फोटो आहे, हे शक्य वाटतं का?

एवढं करूनही काही कळलं नाही तर पाठवू नका. 'खरं-खोटं माहीत नाही, आलंय तसं पाठवतोय' अशी ओळ लिहून पाठवणं हा मार्ग नाही. ती ओळ तुमच्यापुरती असते. पुढचा माणूस फक्त मूळ मेसेज निवडून ढकलतो, तुमची ओळ मागे राहते आणि शंका गळून खात्री तेवढी पुढे जाते. मोठ्या ग्रुपमध्ये 'हे खरं आहे का?' असं विचारणंही पसरवणंच आहे. विचारायचं तर त्या विषयातलं कळणाऱ्या एकाला, वेगळ्या चॅटमध्ये विचारा.

सायन्स या नियतकालिकात मार्च २०१८ मध्ये एमआयटीच्या तीन संशोधकांचा अभ्यास आला होता. २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० गोष्टी त्यांनी पाहिल्या, ज्या जवळपास ३० लाख लोकांनी पसरवल्या होत्या. खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागत होता. आणि हे यंत्रांचं काम नव्हतं, बॉट, म्हणजे आपोआप चालणारी अकाउंट, वगळून मोजलं तरी चित्र तेच राहिलं. खोट्यात नवलाई जास्त असते आणि नवलाई माणसाला सांगावीशी वाटते. म्हणून वाचताक्षणी 'हे सगळ्यांना सांगितलंच पाहिजे' असं तीव्रतेने वाटलं, राग आला, अंगावर काटा आला, की तीच थांबायची वेळ.

पायरी ५: पाठवताना मूळ जोडा

लिंक असेल तर लिंक पाठवा. स्क्रीनशॉट शेवटचा पर्याय ठेवा. लिंकवरून वाचणारा मूळ पानावर जातो, पूर्ण मजकूर बघतो, लेखकाने नंतर दुरुस्ती केली असेल तर तीही त्याला दिसते. स्क्रीनशॉटमध्ये हे काहीच नाही. शिवाय ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरची अक्षरं बदलून त्याचा स्क्रीनशॉट घेणं अगदी सोपं आहे. कुणा मोठ्या व्यक्तीची पोस्ट म्हणून चित्र आलं तर त्या व्यक्तीच्या अकाउंटवर जाऊन बघा. आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात: दृष्टिहीन लोक स्क्रीन रीडरवर मजकूर ऐकतात, आणि चित्रातली अक्षरं त्यांच्यापर्यंत अनेकदा पोचत नाहीत. चित्र पाठवायचंच असेल तर त्यात काय लिहिलंय ते सोबत टाइप करा. पोस्ट करताना पर्यायी मजकुराची (ऑल्ट टेक्स्टची) जागा असते, ती भरा.

लिंक नसेल तर वर तीन गोष्टी लिहा: कुणाचं, कधीचं, कुठलं. उदाहरणार्थ, 'अमुक यांच्या फेसबुक पोस्टवरून, १२ मार्च. पूर्ण लेख त्यांच्या पानावर आहे.' एवढं पुरे. 'साभार: व्हॉट्सॲप' हे श्रेय नाही. व्हॉट्सॲपने कधी काही लिहिलेलं नाही.

कविता, लेख, रेखाटनं यांच्या बाबतीत मला हे फार कळकळीने सांगायचंय. कुणीतरी रात्री जागून एक कविता लिहितं, स्वतःच्या पानावर टाकतं. दुसऱ्या दिवशी ती नाव काढून फिरायला लागते. आठवड्याभरात तिच्याखाली कुठल्यातरी प्रसिद्ध कवीचं नाव येतं. महिन्याने मूळ कवीलाच ती कुणीतरी 'वाच, किती छान आहे' म्हणून पाठवतं, आणि कवीने 'ही माझी आहे' म्हटलं तर लोक पुरावा मागतात. नाव काढणारा माणूस यात बहुतेक वेळा दुष्ट नसतो, कॉपी करताना शेवटची ओळ निवडायची राहिलेली असते. म्हणून कॉपी करताना शेवटपर्यंत ओढा, नाव आलंय का बघा. नावाशिवाय आलेली कविता आवडली तर तिची पहिली ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधा. बरेचदा कवी सापडतो. नाहीच सापडला तर 'कवीचं नाव माहीत नाही, कुणाला माहीत असल्यास सांगा' असं लिहा आणि कुणी सांगितलं की पोस्टमध्ये घाला.

कोट करायचं की रीपोस्ट, यावरही दोन शब्द. तुम्हाला भर घालायची असेल, एखादा मुद्दा वेगळा मांडायचा असेल तर कोट. नुसतं 'छान', 'वाचाच' म्हणायचं असेल तर साधं रीपोस्ट बरं, म्हणजे प्रतिक्रिया मूळ लेखकाच्या पोस्टवर जातात. आणि एखाद्याला झोडपण्यासाठी कोट करत असाल तर हे ध्यानात घ्या की त्या कोटमुळे त्याची पोस्ट तुमच्या सगळ्या लोकांपर्यंत पोचते. मॅस्टोडॉनने अनेक वर्षं कोटची सोय मुद्दाम दिली नव्हती, ती याच झोडपण्याच्या भीतीने. ब्लूस्कायने २०२४ मध्ये मूळ लेखकाला आपली पोस्ट दुसऱ्याच्या कोटमधून सोडवून घेण्याची सोय दिली. ज्याला चारशे फॉलोअर आहेत अशा साध्या माणसाची चूक हजारो लोकांसमोर मांडू नका, त्याला उत्तर द्यायचं तर तिथेच खाली द्या.

पायरी ६: मदतीचे मेसेज

इथे प्रत्येकाला वाटतं की तपासत बसलो तर उशीर होईल. म्हणूनच यांची वेगळी पायरी केली. नेहमी येणारा मेसेज असा असतो:

'तातडीचे! आज संध्याकाळपर्यंत रक्ताची गरज आहे. रुग्ण लहान मुलगी आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, एक जीव वाचेल.' आणि खाली फोन नंबर.

यातला 'आज' कोणता? मेसेजवर तारीख नाही. रुग्णालयाचं नाव नाही, गाव नाही, रक्तगटही नाही. कदाचित तो लिहिला गेला तेव्हा अक्षरशः खरा होता. एका बापाने आपल्या ओळखीच्या वीस जणांना पाठवला, त्यांना गाव आणि रुग्णालय माहीत होतं, म्हणून त्याने ते लिहिलं नाही. रक्त मिळालं. पण 'मिळालं' हा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही. पहिला मेसेज फिरत राहतो, कधी वर्षानुवर्षं, आणि त्या नंबरवर अनोळखी लोकांचे फोन येत राहतात. मुलीचं पुढे काय झालं असेल ते आपल्याला माहीत नाही. त्या घराला तो फोन किती वेळा उचलावा लागत असेल याचा विचार करा.

करायचं इतकंच: फोन लावा. अजून गरज आहे का विचारा. असेल तर मेसेजमध्ये तारीख, वेळ, ठिकाण, रक्तगट घालून 'मी आत्ता बोलून खात्री केली' असं लिहून पाठवा, आणि तेही त्या गावात किंवा जवळपास राहणाऱ्यांनाच. नंबर लागत नसेल तर थांबवा. हरवलेल्या मुलांच्या मेसेजला हाच नियम. त्यात एक जास्तीचा धोका असतो: छळापासून पळालेल्या बायका-मुलांना शोधण्यासाठीही 'हरवले आहेत' असे मेसेज पसरवले जातात. म्हणून संपर्क पोलिसांचा असेल तरच पुढे पाठवा आणि काही माहिती असेल तर तीही पोलिसांनाच द्या.

मदतीचा मेसेज तुम्हालाच लिहायचा असेल तर आधी एखादी जाहीर पोस्ट टाका आणि तिची लिंक पाठवा. गरज भागली की त्या एकाच पोस्टमध्ये 'मदत मिळाली, आता पाठवू नका' असं वर लिहिता येतं. मेसेज कितीही दूर गेला असला तरी लिंक उघडणाऱ्याला ते दिसतं.

संकटाच्या काळात चांगल्या हेतूनेही अडथळा होतो. २ जून २०२० ला कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरुद्ध पाठिंबा म्हणून लाखो लोकांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले. त्यातल्या पुष्कळांनी चळवळीचाच हॅशटॅग लावला, आणि आंदोलक ज्या हॅशटॅगवर माहिती शोधत होते तिथे नुसते काळे चौकोन दिसायला लागले. हॅशटॅग लावण्याआधी तो कोण कशासाठी वापरतंय ते उघडून बघा.

पायरी ७: हे पाठवायचंच नाही

काही गोष्टींत खरं-खोटं तपासण्याचा प्रश्नच येत नाही.

मृतदेहांचे, अपघातग्रस्तांचे फोटो. घरच्यांना कळण्याआधी ते ग्रुपवर पोचतात. कुणाचेही खासगी क्षणांचे फोटो किंवा व्हिडिओ, मग ते कुठूनही आलेले असोत. मुलांवरच्या अत्याचाराची दृश्यं तर निषेध म्हणूनही पाठवायची नाहीत. थेट ॲपवर रिपोर्ट करायची आणि पोलिसांना कळवायची. बऱ्याच देशांत ती पुढे पाठवणं हाच गंभीर गुन्हा आहे.

'हाच तो गुन्हेगार' असं सांगणारा फोटो. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर लोकांनी ऑनलाइन स्वतःच शोधमोहीम चालवली आणि एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा त्या घटनेशी काहीही संबंध नव्हता. मुलाच्या शोधात असलेल्या कुटुंबावर शिव्या-धमक्यांचा वर्षाव झाला, आणि नंतर कळलं की तो मुलगा जिवंतही नव्हता. शेअर करणाऱ्या प्रत्येकाला आपण न्यायाला मदत करतोय असंच वाटत होतं. बदनामीच्या कायद्यात 'मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं' हा बचाव अनेक देशांत टिकत नाही, हेही माहीत असू द्या.

आणि 'हे शेअर करू नका, कॉपी-पेस्ट करा' असं सांगणारे मेसेज. 'माझे फोटो वापरायला मी कंपनीला परवानगी देत नाही' असा घोषणावजा मजकूर २०१२ पासून वेगवेगळ्या रूपात परत परत येतोय, २०२४ मध्ये तो मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीच्या, एआयचं नाव घेऊन आला. अशी घोषणा भिंतीवर चिकटवल्याने काहीही बदलत नाही. काही बदलायचं तर ते सेटिंग्जमध्ये असतं. कॉपी-पेस्टच करा असा आग्रह दिसला की लक्षात घ्या, त्याने मूळ पोस्टपर्यंतची वाट बंद होते.

पायरी ८: ग्रुपमध्ये

ग्रुप कशासाठी आहे ते वरच्या माहितीत वाचा. इमारतीच्या पाणीपुरवठ्याच्या ग्रुपवर सुविचार टाकले की पाण्याचा मेसेज वर निघून जातो आणि कुणाचा तरी नळ कोरडा राहतो. एकच मेसेज पाच ग्रुपवर टाकण्याआधी त्या पाचांत किती माणसं सारखीच आहेत ते बघा. फॉरवर्ड करण्याआधी चार-पाच मेसेज वर सरकवून तोच आधी आलाय का हे तपासा. मोठा व्हिडिओ असेल तर फाइलऐवजी लिंक द्या आणि आत काय आहे ते एका ओळीत सांगा, सगळ्यांकडे सारखा डेटा नसतो.

पायरी ९: चुकीचं गेलं तर

कधी ना कधी जाईल. लगेच लक्षात आलं तर व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी डिलीट' साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतं. पण त्यामुळे फक्त त्या चॅटमधला मेसेज जातो. तिथून कुणी पुढे नेला असेल तर ती प्रत तशीच राहते. म्हणून नुसतं डिलीट पुरत नाही, दुरुस्ती पाठवावी लागते, आणि ती जिथे जिथे चूक पाठवली त्या प्रत्येक ठिकाणी.

दुरुस्ती लिहिताना सुरुवात खऱ्या माहितीने करा. 'धरण सुरक्षित आहे, जिल्हा प्रशासनाने आज सकाळी तसं जाहीर केलंय, ही लिंक. काल मी पाठवलेला मेसेज चुकीचा होता, कुणी पुढे पाठवला असल्यास हेही पाठवा.' खोटा दावा पुन्हा सविस्तर लिहू नका. लोक भरभर वाचतात आणि त्यांच्या डोक्यात पहिलं वाक्य राहतं. जुना स्क्रीनशॉट जोडायचाच असेल तर त्यावर मोठी आडवी काट मारून जोडा, म्हणजे तो एकटा फिरला तरी काट सोबत जाईल. एक्सवर किंवा फेसबुकवर असेल तर मूळ पोस्टखालीही दुरुस्ती लिहा, कारण शोधून येणारा माणूस तिथेच पोचतो.

दुसऱ्याने चुकीचं पाठवलं असेल तर त्याला आधी एकट्याला सांगा. वडीलधारं माणूस असेल तर फोनच करा. 'काका, तुम्ही पाठवलेलं वाचलं, मला शंका आली म्हणून शोधलं, ही माहिती मिळाली' असं सांगितलं की बहुतेक जण स्वतःच ग्रुपवर दुरुस्ती टाकतात. शंभर जणांसमोर खोडून काढलं की तोच माणूस चुकीच्या मेसेजची बाजू घेऊन भांडायला लागतो, आणि मग त्या मेसेजचं काय झालं हे बाजूलाच राहतं. मात्र मेसेज औषधांबद्दल, पुराबद्दल किंवा जमाव भडकवणारा असेल तर फोन उचलला जाण्याची वाट बघू नका. ग्रुपवर लिंकसकट लगेच लिहा, ॲडमिनला तो मेसेज काढायला सांगा, आणि काकांना नंतर फोन करा.